बोलताना अडखळणाऱ्या मराठी मुलांचे प्रतिलेखन: क्लॅनमध्ये कोड करताना काय सांभाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचा-भाषा विकारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीकडे चार ते सहा वर्षांच्या बारा मराठीभाषक मुलांची ध्वनिमुद्रणे आहेत आणि या सर्व मुलांना तोतरेपणा आहे. मार्गदर्शकांनी तिला क्लॅन हे सॉफ्टवेअर वापरायला सांगितले आहे. शब्दांची आणि ध्वनींची पुनरावृत्ती, ताणलेले ध्वनी आणि ब्लॉक (म्हणजे शब्द तोंडातच अडकून आवाज न फुटणे) हे सगळे देवनागरीत कसे लिहायचे, लिहिलेले सॉफ्टवेअर बरोबर मोजेल का, आणि हल्ली मिळणाऱ्या स्वयंचलित प्रतिलेखनाने, म्हणजे यंत्राने ध्वनी ऐकून लिहिलेल्या मजकुराने, निदान पहिला खर्डा तयार करून वेळ वाचवता येईल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत छोटे आहे: या कामासाठी नाही. व्हिस्परसारखी साधने मराठी ओळखतात, पण त्यांची घडण प्रामुख्याने इंटरनेटवरच्या ध्वनीवर आणि त्याखालच्या लिखित मजकुरावर झाली आहे. तो मजकूर माणसांनी आधीच नीटनेटका करून लिहिलेला असतो, त्यामुळे साधनही तेच शिकले आहे. मुलगा ‘मी मी मी मी जाणार’ म्हणाला, तर कागदावर ‘मी जाणार’ येते. एवढ्यावर भागत नाही. लांब शांततेच्या जागी ही साधने कधीकधी कोणीही न उच्चारलेले शब्द घालतात, आणि ब्लॉक म्हणजे बहुतेक वेळा शांतताच असते. असा साफसूफ केलेला खर्डा समोर ठेवून त्यात अडखळण्याच्या जागा भरायला बसलात, तर डोळा कानाला ओढत नेतो आणि कागदावर जे नाही ते ऐकूही येत नाही. रोगाचा पुरावा आधीच पुसून टाकणाऱ्या सहायकाकडून पुरावा गोळा करून घेण्यासारखे ते आहे. वाक्यांच्या वेळा जुळवण्यासाठी किंवा चिकित्सकाने विचारलेले प्रश्न उतरवण्यासाठी ही साधने जरूर वापरा. मुलाची ओळ मात्र रिकाम्या पानावर, स्वतःच्या कानाने लिहा.

हा दोष यंत्राचा एकट्याचा नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपलाही कान समोरच्याचे बोलणे दुरुस्त करूनच ऐकत असतो. संभाषण चालते ते त्यामुळेच. प्रतिलेखन करणाऱ्याला ही आयुष्यभराची सवय मोडावी लागते, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक सगळे त्या सवयीवर मात करण्यासाठीच आहे.

आता साधनाविषयी. क्लॅन हा टॉकबँक या प्रकल्पाचा मोफत मिळणारा कार्यक्रमसंच आहे. या प्रकल्पाचे मूळ बालभाषेच्या ‘चाइल्ड्स’ संग्रहात आहे; तो संग्रह ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 साली सुरू केला. क्लॅनला वाचता येईल अशा लेखनपद्धतीला चॅट म्हणतात. अडखळत्या बोलण्याच्या नमुन्यांसाठी पुढे मॅकव्हिनी आणि मेरीलँड विद्यापीठातील नॅन बर्नस्टीन रॅटनर यांनी फ्लुएन्सीबँक उभी केली, आणि तिच्यासाठी क्लॅनमध्ये फ्लूकॅल्क ही आज्ञा आली. ती ट्रान्सक्रिप्टमधली चिन्हे मोजून प्रत्येक प्रकाराची संख्या आणि टक्केवारी तक्त्यात देते. विस्कॉन्सिनमध्ये घडलेले सॉल्ट हे दुसरे प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे. ते विकत घ्यावे लागते आणि त्यात पुनरावृत्ती, दुरुस्ती, ‘अं’ हे सगळे मूळ वाक्याबाहेरचे म्हणून गोल कंसात टाकायची रीत आहे. मुलाचे व्याकरण तपासायचे असेल तेव्हा ती सोयीची आहे, पण ज्याला कंसातलाच मजकूर तपासायचा आहे त्याला चॅटची चिन्हे जास्त उपयोगी पडतात. तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवलेले साधन योग्यच आहे.

एक वाक्य घेऊन चिन्हे पाहू. मूल म्हणाले: ‘मग मी मी मी बा बा बाबांना’, मग ओठ मिटून सुमारे दीड सेकंद काहीच नाही, मग ‘पेढा सांगितला’, आणि लगेच ‘मागितला’. चॅटमध्ये ते असे लिहिले जाईल:

मग मी [/] मी [/] मी ↫बा-बा↫बाबांना ≠पेढा सांगितला [//] मागितला .

संपूर्ण शब्द पुन्हा आला की चौकटी कंसात एक तिरपी रेघ, आणि शब्द बदलून दुरुस्ती केली की दोन रेघा. एकाहून अधिक शब्दांचा गट पुन्हा आला तर तो गट कोनी कंसात घ्यायचा, म्हणजे ‘<मी काल> [/] मी काल गेलो’. शब्दाचा तुकडा पुन्हा आला की तो दोन ↫ चिन्हांमध्ये, प्रत्येक जादा तुकडा आडव्या रेघेने वेगळा करून. ब्लॉक असलेल्या शब्दाच्या आधी ≠, ताणलेल्या ध्वनीनंतर अपूर्णविराम (:), आणि शब्द मध्येच तुटला तर तुटलेल्या जागी ^, जसे ‘पु^स्तक’. ‘अं’, ‘अ’ यांसारखे भरणीचे आवाज &- लावून लिहायचे. ↫ आणि ≠ कीबोर्डवर नसतात. ती क्लॅनच्या विशेष चिन्हांमधून घ्यावीत. दिसायला जवळची दुसरी चिन्हे इंटरनेटवरून उचलून चिकटवू नयेत, कारण डोळ्याला सारखे दिसणारे चिन्ह यंत्राला वेगळे असते.

तुकडा नेमका कसा लिहायचा, या बाबतीत देवनागरी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा खरोखर वरचढ आहे. ‘ब्-ब्-बाबा’ म्हणजे नुसते व्यंजन, ‘ब-ब-बाबा’ म्हणजे व्यंजनाला अकार, आणि ‘बा-बा-बाबा’ म्हणजे मूळ शब्दातला स्वर. या तीन गोष्टी ऐकायला वेगळ्या आहेत आणि चिकित्सकाला त्यांतला फरक हवा असतो. मूळ स्वराच्या जागी उदासीन अकार येतो की नाही याकडे जुन्या निदानपद्धतीतही लक्ष दिले जात असे. इंग्रजीत ते दाखवायला ध्वनिलिपीचा आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे हलन्त आणि काना पुरतात. अडचण सवयीची आहे. गोष्टींच्या पुस्तकांत घाबरलेले पात्र ‘त-त-तुम्ही’ असेच बोलते, आणि ‘ततपप’ हा शब्दच आपल्या तोंडी बसलेला आहे, त्यामुळे मूल ‘तु-तु-तुम्ही’ म्हणाले तरी हात ‘त-त’ लिहितो. हे टाळायला दर वेळी तुकडा एकटा पुन्हा ऐकावा.

नात्यांचे शब्द हा इथला एक खास सापळा आहे. बाबा, काका, मामा, दादा हे शब्द स्वतःच दुहेरी आहेत. मूल ‘काकाका आले’ म्हणाले तर ती एकच जादा ‘का’ आहे, पण घाईत ऐकणारा ती सोडून देतो किंवा दोन धरतो. मी अशा शब्दांच्या ठिकाणी प्रात या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिलहर उघडतो आणि एकूण किती वेळा बंद-उघड झाली ते मोजून त्यातून शब्दातली दोन वजा करतो. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ‘मला वाटते तीन होते’ या वादावर वेळ घालवण्यापेक्षा ते परवडते.

ताणलेल्या ध्वनींबाबत मात्र देवनागरी अडते, आणि इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका संपूर्ण फाइलमध्ये मला ताणलेल्या ध्वनींची संख्या शून्य मिळाली. मुलगा तर वाक्यावाक्याला ‘स’ आणि ‘म’ ताणत होता. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. मी सगळीकडे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप केला होता. ‘बा:बा’ आणि ‘बाःबा’ पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात, पण पहिल्यात अपूर्णविराम आहे आणि दुसऱ्यात अक्षराला चिकटलेला विसर्ग. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दुसरा शब्द स्खलित उच्चाराचा नसून नुसताच विचित्र स्पेलिंगचा. फाइल पुरी झाली की विसर्गाचा शोध घ्यावा. चार-सहा वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात खरा विसर्ग येण्याची शक्यता फारच थोडी, तेव्हा जो सापडेल तो बहुधा चूकच असेल.

दुसरी अडचण मुळातली आहे. अपूर्णविराम ताणलेल्या ध्वनीनंतर यायला हवा, पण देवनागरीत व्यंजन आणि त्याची मात्रा मिळून एकच अक्षर होते. ‘सामान’मधला ‘स्’ ताणला गेला तर अपूर्णविराम स् आणि काना यांच्या मध्ये घालता येत नाही. ‘सा:मान’ लिहिले तर आ ताणला असा अर्थ होतो. यावर दोन मार्ग आहेत. मुख्य ओळच रोमन लिप्यंतरात लिहायची, किंवा देवनागरीत ‘स्:सामान’ असे लिहून हा संकेत सुरुवातीलाच नोंदवून ठेवायचा. मी दुसरा मार्ग घेतो, कारण पालक आणि सहकारी दोघांनाही ती ओळ वाचता येते, आणि उच्चाराचा बारकावा हवा तिथे खालच्या अवलंबी ओळीत ध्वनिलिपी देता येते. किंमत एवढीच की शब्दसूची काढताना हा शब्द ‘सामान’पेक्षा वेगळा मोजला जाईल. तुम्हाला शब्दसंपत्तीही मोजायची असेल तर ती वेगळ्या, साफ केलेल्या प्रतीवर मोजा. शब्दसूचीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक: ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ असे शब्द एकाच कीबोर्डवरून टाइप करा. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते, आणि दोन यंत्रांवर टाइप केलेला एकच शब्द सूचीत दोनदा आलेला मी पाहिला आहे.

‘च’ आणि ‘ज’ यांचेही एक सांगायला हवे. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, पण कोड करताना महत्त्वाचे ठरते. दोन्ही ध्वनींची सुरुवात जीभ टेकून होते आणि शेवट घर्षणाने होतो. मूल सुरुवातीलाच अडकले तर तो ब्लॉक, आणि ‘चाक’ म्हणताना ‘त्स्स्स्’ असे घर्षण लांबले तर तो ताणलेला ध्वनी. लिहिताना दोन्हीकडे ‘च’च दिसणार, म्हणून कान शाबूत ठेवावा.

आता ज्याने मराठीतले आकडे सर्वांत जास्त बिघडतात त्याकडे येतो. अडखळण्याचे प्रमाण शंभर शब्दांमागे काढायचे की शंभर सिलेबलमागे (सिलेबल म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा), हा जुना वाद आहे. मराठीसाठी माझे मत स्पष्ट आहे: सिलेबल. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात; ‘घरासमोरच्यांना’ हा एक शब्द इंग्रजीत सहा-सात शब्दांचा होईल. शब्दांमागे काढलेले मराठी प्रमाण इंग्रजीच्या शेजारी ठेवले तर आपले मूल विनाकारण जास्त अडखळणारे दिसते. पण सिलेबल म्हणजे अक्षर नव्हे, हे इथेच बजावून सांगतो. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे, बोलताना एक सिलेबल. ‘करतो’ लिहिताना तीन, बोलताना दोन. वरच्याच वाक्यात अडखळणे वगळून उरते ‘मग मी बाबांना पेढा मागितला’. अक्षरे मोजली तर बारा होतात. उच्चार मोजला तर मग एक, मी एक, बाबांना तीन, पेढा दोन, मागितला तीन, म्हणजे दहा. तोतरेपणासदृश प्रसंग तीन आहेत: ‘मी’ची पुनरावृत्ती, ‘बा’ची पुनरावृत्ती आणि एक ब्लॉक. शंभर सिलेबलमागे हे प्रमाण तीस येते, अक्षरांमागे पंचवीस. एका वाक्यात एवढा फरक, तर पूर्ण नमुन्यात तो निदान इकडचे तिकडे करू शकतो. इंग्रजीसाठी घडलेल्या साधनाकडून मराठी सिलेबलची बिनचूक मोजणी गृहीत धरू नका. प्रत्येक ओळीचे सिलेबल हाताने मोजून तो आकडा वेगळ्या तक्त्यात ठेवा, आणि फ्लूकॅल्ककडून फक्त अडखळण्याच्या संख्या घ्या. ‘मित्र’, ‘पुत्र’ अशा जोडाक्षरान्त शब्दांत शेवटचा अकार ऐकू येतो, तिथे दोन धरावेत.

हीच गोष्ट एकसिलेबली शब्दांची. एका सिलेबलच्या संपूर्ण शब्दाची पुनरावृत्ती तोतरेपणासदृश गटात धरतात, आणि अनेक सिलेबलच्या शब्दाची किंवा वाक्यखंडाची पुनरावृत्ती सर्वसामान्य अडखळण्यात. ‘पण’ आणि ‘मग’ हे बोलताना एकसिलेबली आहेत. ‘आणि’ दोनचा आहे. ‘पण पण पण’ पहिल्या गटात जाईल, ‘आणि आणि’ दुसऱ्या. माझ्या अनुभवात मराठी मुले वाक्याच्या आरंभीच्या मी, तो, मग, पण या शब्दांवरच सर्वांत जास्त घुटमळतात, त्यामुळे ही विभागणी हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पुनरावृत्तीचा सापळा, जो इंग्रजी मार्गदर्शिकेत तुम्हाला फारसा सापडणार नाही, कारण इंग्रजीला तो पडत नाही. मराठीत शब्द दोनदा म्हणणे हे व्याकरण आहे. ‘हळूहळू’, ‘घरोघरी’, ‘जेवणबिवण’ यांबाबत कोणी फसत नाही. फसतो तो ‘काय काय आणलं?’, ‘कोण कोण आलं?’, ‘मोठे मोठे दगड’, ‘रडत रडत आला’, ‘नको नको’ यांवर. ‘काय काय आणलं’ म्हणजे अनेक वस्तूंची चौकशी. तिथे [/] घातलेत तर मुलाच्या व्याकरणालाच तुम्ही अडखळणे ठरवलेत. (‘मी मी म्हणणारे’ हा वाक्प्रचार एखाद्या चुणचुणीत मुलाने वापरला तर कोड करणाऱ्याची परीक्षाच.) फ्लूकॅल्क फक्त तुम्ही खूण केलेले मोजते, दोन ‘काय’ नुसते शेजारी लिहिले तर ते त्यांना हात लावत नाही, म्हणून निर्णयाची जबाबदारी पूर्णपणे तुमची. मी तीन गोष्टी ऐकतो. अर्थाच्या द्विरुक्तीत दोन्ही शब्द एका दमात, एका लयीत येतात. अडखळण्यात मध्ये बारीकसा खंड किंवा ताण असतो. अर्थाची द्विरुक्ती दोनवर थांबते. अडखळणे तीन, चार, पाचपर्यंत जाते. आणि एक शब्द काढून वाक्य वाचले तर अर्थ बदलतो का ते पाहावे. ‘मोठे दगड’ आणि ‘मोठे मोठे दगड’ यांत फरक आहे, ‘मी जाणार’ आणि ‘मी मी जाणार’ यांत नाही. तरीही काही जागा संशयास्पद राहतातच. त्या टिप्पणीच्या ओळीत नोंदवा आणि सगळ्या मुलांसाठी एकच नियम लावा.

भरणीच्या शब्दांबाबतही असेच. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘काय ते’ हे कधी अर्थाचे असतात, कधी नुसती वेळ काढण्यासाठी. चॅटमध्ये भरणीचा शब्दसमूह अधोरेषेने जोडून &- लावता येतो, जसे &-ते_आपलं. ‘पाऊस म्हणजे पाणी’ यातले ‘म्हणजे’ अर्थाचे. त्याला ही खूण लावायची नाही. मोठ्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये अवघड शब्दाच्या अगोदर भरणीचे शब्द रांगेने येतात, तेव्हा ते अडखळणे टाळण्याचे साधन असते. प्रौढ तर अवघड शब्दच बदलतो. ‘पाणी’ म्हणता येत नाही म्हणून ‘तो ग्लास दे ना’ म्हणतो, आणि ते वाक्य ट्रान्सक्रिप्टमध्ये पूर्ण अस्खलित दिसते. कोणतेही सॉफ्टवेअर ते पकडणार नाही. तुमची मुले लहान आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला फारसा पडणार नाही.

ब्लॉक. तुमच्याकडे नुसता आवाज आहे की चित्रफीत, हे प्रश्नात सांगितलेले नाही, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. प, त, क या ध्वनींच्या आधी तोंड बंद असताना आवाज मुळातच नसतो, म्हणून वाक्याच्या आरंभी असलेला ‘प’वरचा ब्लॉक आणि साधा विचार करण्यातला विराम हे नुसत्या आवाजावरून वेगळे करता येत नाहीत. वरच्या उदाहरणात मी ≠ लावू शकलो, कारण ओठ दाबलेले दिसत होते. चित्र नसेल तर माझा नियम असा: घशातला ताण, श्वास अडकल्याचा आवाज किंवा सुटतानाचा जोराचा स्फोट ऐकू आला तरच ≠, नाहीतर विरामाची खूण आणि कंसात सेकंद. यामुळे ब्लॉक कमी मोजले जातील, हे प्रबंधात लिहून टाका. शब्दाच्या मध्यभागी आणखी एक खबरदारी: ‘पक्का’, ‘गच्ची’, ‘थट्टा’ यांत व्यंजनाचा बंद काळ मुळातच लांब असतो. तिथे ब्लॉक ठरवायचा तर त्याच मुलाने तोच शब्द सहज उच्चारलेला शोधून दोन्हींची लांबी ताडून पाहा.

हे सगळे इतक्या काटेकोरपणे का, याचे उत्तर एका सूत्रात आहे. निकोलिन अँब्रोज आणि एहूद यायरी यांनी 1999 मध्ये लहान मुलांसाठी भारित गुणांक दिला आणि फ्लूकॅल्क तो काढून देते. शंभर सिलेबलमागील शब्दांशांची (शब्दाच्या तुकड्यांची) पुनरावृत्ती आणि एकसिलेबली शब्दांची पुनरावृत्ती यांची बेरीज करायची, तिला दर प्रसंगी सरासरी किती जादा तुकडे आले त्या संख्येने गुणायचे, आणि त्यात ताणलेले ध्वनी व ब्लॉक यांच्या प्रमाणाची दुप्पट मिळवायची. उत्तर 4 किंवा त्याहून जास्त आले तर तोतरेपणाच्या बाजूचे. समजा एका मुलात शब्दांश 1, एकसिलेबली शब्द 1, ताणणे व ब्लॉक मिळून 0.5, आणि दर प्रसंगी सरासरी 2.5 जादा तुकडे. मग दोन गुणिले अडीच पाच, अधिक एक, म्हणजे 6. आता प्रतिलेखन करणाऱ्याने प्रत्येक पुनरावृत्ती आळसाने एकाच जादा तुकड्याची, म्हणजे ‘मी मी मी मी’च्या जागी ‘मी [/] मी’ अशी लिहिली, तर सरासरी तुकडे 1 होतात आणि उत्तर येते 3. प्रसंगांची संख्या तीच, टक्केवारी तीच, फक्त जादा तुकडे गळले आणि मूल रेषेच्या अलीकडे आले. चारदा म्हटलेला ‘मी’ म्हणजे तीन जादा तुकडे, चार नव्हेत. ही दुसरी नेहमीची चूक उलट दिशेने जाते.

हे उंबरठे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरातील इंग्रजीभाषक लहान मुलांवरून आले आहेत. मराठी मुलांना ते तसेच लावून ‘तोतरेपणा आहे’ किंवा ‘नाही’ असा शिक्का मारू नये. वर्णनासाठी आणि एकाच मुलाची उपचारापूर्वी व नंतरची तुलना करण्यासाठी ते उपयोगी आहेत. शिवाय अडखळलेल्या सिलेबलची टक्केवारी काढण्याची जी दुसरी रूढ पद्धत आहे, तिच्यात एका सिलेबलवर ब्लॉक आणि पुनरावृत्ती दोन्ही झाली तरी एकच मोजतात; फ्लूकॅल्क दोन्ही खुणा वेगवेगळ्या मोजते. कोणाचा आकडा कोणाशेजारी ठेवत आहात ते पाहूनच तुलना करा.

नमुन्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक मुलाचे किमान तीनशे सिलेबल हवेत, शक्य तर दोन वेगळ्या प्रसंगांतले, कारण एकाच मुलाचे बोलणे दिवसागणिक बदलते. पालक कौतुकाने ‘बाईंना शुभंकरोति म्हणून दाखव’ म्हणतात आणि मूल ते न अडखळता म्हणते. पाढे, श्लोक, बडबडगीते, गाणी हे सगळे मोजणीतून वगळा. पाठ केलेल्या आणि तालातल्या बोलण्यात तोतरेपणा खूप कमी होतो, आणि तो भाग मिसळला तर टक्केवारी खोटी उतरते. आई-वडिलांनी मध्येच पुरवलेला शब्द मुलाने नुसता उचलून म्हटला असेल तर तोही सोडा. मुलाचे किंवा शाळेचे नाव ध्वनीत आले असेल तर तेवढा भाग निःशब्द करा, आणि नमुना पुढे कुठल्याही संग्रहाला द्यायचा विचार असेल तर पालकांच्या संमतिपत्रात ते आजच लिहून घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या बाबतीत पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

काम सुरू करण्याआधी एक चाचणी फाइल करा. पाच-सात वाक्ये स्वतः रचा, प्रत्येक प्रकारची खूण ठरावीक वेळा घाला, उत्तरे कागदावर लिहून ठेवा, आणि मग चेक व फ्लूकॅल्क चालवा. चेक ही आज्ञा लेखनातले दोष दाखवते. ती निर्दोष झाल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. कागदावरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळेपर्यंत खऱ्या फाइलला हात लावू नका. माझी विसर्गाची चूक या फाइलमुळे पाच मिनिटांत सापडली असती.

विश्वासार्हतेसाठी दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडून किमान एका दशमांश साहित्याचे स्वतंत्र प्रतिलेखन करून घ्या. एकूण संख्या जुळल्या म्हणून समाधान मानू नका. तुम्ही दहा आणि तिने दहा खुणा केल्या, पण त्यांतल्या सहाच एका जागी असतील तर ती सहमती नव्हे. जागेनिहाय तुलना करा आणि प्रकारनिहाय वेगळी मांडा. शब्दांच्या पुनरावृत्तीवर सहमती सहज होते, ब्लॉकवर सर्वांत कमी.

वेळेचा अंदाज हवा असेल तर, दहा मिनिटांच्या बोलण्याला मला आजही सहा-सात तास लागतात, आणि एका बैठकीत दोन तासांच्या पुढे कान थकतो. बाराही फाइली झाल्यावर पहिली फाइल आधीची प्रत न उघडता पुन्हा नव्याने करा. बाराव्या मुलापर्यंत कान बराच बदललेला असतो, आणि पहिल्या प्रतीत न दिसलेली बारीक पुनरावृत्ती आता ऐकू येईल. दोन प्रतींत बराच फरक निघाला तर दुसरी आणि तिसरी फाइलही पुन्हा करावी लागेल, तेवढी सवड वेळापत्रकात आत्ताच धरून ठेवा.